मेण लावायचं राहिलं

२६ ऑगस्ट

फेब्रुवारीनंतर आज पहिल्यांदा वही उघडली. मोठं काही घडलं असं नाही. शाळा अजून सुरू व्हायची आहे, त्यामुळे शाळेच्या स्वयंपाकघरात काम नाही, आणि घरात रिकामं बसलं की समोर आईची खुर्ची येते.

बाबांनी आज मला रायफल घ्यायला लावली. सकाळी सकाळी फोन. "व्हर्ना, हार्डवेअरच्या दुकानात एक स्वस्तातली आलीय म्हणे. प्लास्टिकचा दस्ता, अगदी टुकार. तुला आवडेल."

मी म्हटलं, "बाबा, तुमची अक्रोडाच्या दस्त्याची रायफल आहे की. अख्ख्या मिशिगनात तिच्यासारखी दुसरी नाही असं तुम्हीच सांगता."

"तिचा धक्का आता खांद्याला सोसत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा खांदा आहे तो. कमी धक्क्याची, मऊ अशी एक करून दे. पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो तेव्हा हातात पाहिजे. यंदाचा हंगाम चुकवायचा नाही मला."

लोक चांगल्या रायफली विकत घेतात आणि त्यांना मिरवतात. मी सगळ्यात स्वस्त घेते आणि तिला माणसात आणते. वीस वर्षांचा छंद आहे हा. दस्ता तासायचा, चाप हलका करायचा, नळी मोकळी करायची. बाबा कागदाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचे, हातातलं कसब मी त्यांचंच उचललंय. पण आईच्या दुखण्यात दोन वर्षं गॅरेजमधल्या बाकाकडे बघितलं नाही, आणि ती गेल्यावर बघावंसं वाटलं नाही. आज बाकावरची धूळ पुसताना फडकी दोन लागली.

खरं तर जिवावर आलं होतं. पण म्हाताऱ्याने तोंड उघडून काही मागितलं, तेही आई गेल्यावर पहिल्यांदा. नाही कसं म्हणणार. दुकानापर्यंत गाडी मीच चालवली. त्यांची पाठ धरलीय म्हणे.

३ सप्टेंबर

खडीच्या खाणीत नेऊन रायफल चालवून बघितली. म्हणजे बाबांनी बघितली. त्यांचा एक जुना नेम आहे: रायफलीने पहिलं हरीण पाडेपर्यंत मालकाशिवाय कोणी तिच्यातून गोळी झाडायची नाही, नाहीतर ती दुसऱ्याची होते. असल्या गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही, पण मोडतही नाही.

पाच गोळ्या. दोन निशाणाच्या कागदाच्या कडेला, तीन कुठे गेल्या देव जाणे.

अल्डो आला होता. बाबांचा जुना मित्र, यांच्या शिकारीच्या कॅम्पाचा, जंगलातल्या लाकडी घराचा, कारभारी. गाडीच्या बॉनेटवर बसून मांस-बटाट्याची पास्टी खात होता. बाबांना म्हणाला, "काय सुलो, नाचता येईना अंगण वाकडं?"

"अंगण प्लास्टिकचं आहे, वाकडं असणारच," बाबा म्हणाले.

घरी आणून नळी आणि दस्ता यांच्यामधून एक डॉलरची नोट सरकवली. अर्ध्यात अडकली. म्हणजे दस्ता नळीला टेकतोय. गोळी सुटताना नळी थरथरते, ती मोकळी हवी. दोष सापडला. दोष सापडला की मला बरं वाटतं. आज कितीतरी दिवसांनी बरं वाटलं, एवढं लिहून ठेवते.

११ सप्टेंबर

शाळा सुरू. चारशे पोरांचे बटाटे. संध्याकाळी दस्त्याची खाच घासली. नोट आता टोकापर्यंत जाते. प्लास्टिकची पूड नाकातून जात नाही. कंबर मोडलीय.

बाबा रोज चारला चालत येतात, बाकाशेजारच्या उलट्या बादलीवर बसतात आणि नावं ठेवतात. "कानस धरतेस का लाटणं?" दोन तास बसतात. घरी त्यांना तरी कोण आहे म्हणा.

१७ सप्टेंबर

पुन्हा खाण. पुन्हा तेच. कागदावर एक, मातीच्या दरडीत चार.

बाबा वैतागले. "चाप दगडासारखा आहे. ओढता ओढता नेम हलतो." चाप जड आहे हे खरंच. स्प्रिंग मागवली.

परत येताना त्यांच्याकडे कॉफी घेतली. कपात बोट घालून कॉफी ओततात हल्ली. मी म्हटलं, बोट भाजेल. म्हणाले, कागदगिरणीतला हात आहे, याला काय भाजतंय. मग म्हणाले, पेपर वाचून दाखव, कोण कोण गेलं ते बघू. मी वाचलं. दोघं ओळखीचे निघाले. चष्मा कुठेतरी ठेवलाय, सापडत नाही म्हणे. एवढा वेंधळा माणूस कधी नव्हता. आईच सगळं जागच्या जागी ठेवायची.

३० सप्टेंबर

चाप मऊ झाला. मागे जाडसर रबर लावलं, दस्ता बोटभर आखूड केला, बाबांचे हात आता तेवढे लांब पोचत नाहीत. तरी गेल्या रविवारी तोच प्रकार.

आता उरली गादी. दस्त्याच्या खाचेत एपॉक्सीचा गोंद भरायचा आणि त्यात रायफलीचं लोखंड बसवून सुकू द्यायचं. मग लोखंडाच्या मापाची घट्ट बैठक तयार होते आणि रायफल हलायचं नाव घेत नाही. हे काम मी किमान तीस वेळा केलंय. आज शाळेतून आल्यावर चपला न काढता थेट बाकाशी गेले आणि भरून टाकलं. एकदाचं संपू दे.

१ ऑक्टोबर

मेण लावायचं राहिलं.

लोखंडाला आधी मेण चोळायचं असतं, म्हणजे एपॉक्सी त्याला चिकटत नाही आणि सुकल्यावर लोखंड सुटून येतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी विसरले. रायफल आणि दस्ता आता एक झालेत. ओढलं, ठोकलं, शिव्या दिल्या. मग बादलीवर बसून रडले. रायफलीसाठी नाही. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. दोन वर्षं आईच्या गोळ्यांच्या वेळा मी मिनिटभरही चुकवल्या नाहीत, आणि आता मेण विसरते.

एकच उपाय ऐकून आहे: थंडीत ठेवायची. लोखंड आणि एपॉक्सी वेगवेगळे आकसतात, मग ठोकल्यावर सुटतात कधीकधी. बाबांच्या तळघरात मोठा फ्रीजर आहे. ते सौनात वाफ घेत बसले होते तेव्हा गुपचूप नेऊन मांसाच्या पुड्यांखाली ठेवून आले. त्यांना कळलं तर चिडवायला वर्षभर पुरेल त्यांना.

३ ऑक्टोबर

कळलं.

सॉसेज काढायला गेले आणि हाताला नळी लागली. मला फोन केला. गंभीर आवाज. "व्हर्ना, गेल्या वर्षीचं हरीण मी नीट मेलंय याची खात्री करून आणलं होतं. हे फ्रीजरमध्ये हत्यार घेऊन बसलंय."

मी गेले. ते तळघराच्या पायरीवर बसून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

"मेण?" त्यांनी विचारलं.

"मेण," मी म्हटलं.

"कॅम्पात कोट टांगायला आडवी रायफल ठोकलीय ना भिंतीत, ती कोणाची माहितेय? माझी. तू जन्मायच्या आधीची. ती आजवर सुटलेली नाही. तुझ्या आईला मी सांगितलं होतं की मुद्दाम कोटांसाठीच बनवली."

मग दोघांनी मिळून ठोकली. त्यांनी दस्ता धरला, मी लाकडी हातोडी चालवली. कितव्या तरी ठोक्याला सुटली, गादीचा एक टवका घेऊन. टवका भरून काढता येईल. यावेळी मेण आधी. बाबांनी मेणाचा डबा स्वतः हातात धरून ठेवला, मी विसरेन म्हणून.

१५ ऑक्टोबर

गादी अशी बसलीय की मीच मला शाबासकी दिली. तीही खाणीत फुकट गेली. बाबा म्हणाले, "दुर्बीण धुकटलीय तुझी." मी रायफलीवरच्या त्या दुर्बिणीतून बघितलं. मला स्वच्छ दिसलं. पण स्वस्तातल्या दुर्बिणीचा काही भरवसा नाही, म्हणून चांगली मागवली.

आता मला माझ्याच कामाची शंका येते. हात गेला का माझा? माणूस दमला की आधी हात जातो म्हणतात.

२२ ऑक्टोबर

कॅम्पाची साफसफाई. हंगामाआधी सगळे जमतात, लाकडं फोडतात, उंदरांना हाकलतात. रात्री तिथे पुरुषच राहतात. आम्ही बायका दिवसा जेवण पोचवायचं आणि परतायचं. कोणी नियम केला कुणास ठाऊक. यंदा मी राहणार आहे, बाबांची गाडी मला चालवायची आहे म्हणून. अल्डोने डोकं खाजवलं आणि म्हणाला, मग बायकांसारखं घोरू नकोस म्हणजे झालं.

कॅम्पाच्या आढ्याला कापडाचे तुकडे ठोकलेत. हरणावर गोळी झाडून जो चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कापतात, वर नाव आणि तारीख घालतात आणि आढ्याला ठोकतात. चाळीसेक तुकडे असतील. एकट्या अल्डोचे सहा. बाबांचा एकही नाही. साठाहून जास्त हंगामांत एकही नाही. अल्डो दरवर्षी कात्रीला धार लावतो आणि म्हणतो, "सुलो, मी मरण्याआधी एकदा."

बाबा आढ्याकडे मान जरा तिरकी करून बघत राहिले. हल्ली माणसांकडेही असंच बघतात, कानाकडे बघितल्यासारखं. स्टीव्ह, अल्डोचा जावई, त्यांच्या समोर येऊन उभा राहिला तरी तो बोलेपर्यंत ते गप्प होते. मला वाईट वाटलं. म्हातारपणी माणूस तुसडा होतो.

९ नोव्हेंबर

नेम मोडला.

नवी दुर्बीण लावून गेल्या आठवड्यात बाबांनी सहा गोळ्या झाडल्या. एकही कागदावर नाही. मी घरी येऊन सगळी रायफल सोडवली, स्क्रू न् स्क्रू बघितला. काही सापडेना. दोष नसलेली वस्तू दुरुस्त कशी करायची ते मला येत नाही.

म्हणून आज शाळा सुटल्यावर एकटीच खाणीत गेले. जमिनीवर आडवी झाले, थंडीने बोटं आखडली होती. तीन गोळ्या. चालत जाऊन बघितलं. तिन्ही भोकांवर एक नाणं ठेवलं, तिन्ही झाकली गेली.

मी पुन्हा तीन झाडल्या. तेच.

इतकी चांगली रायफल मी आजवर बनवलेली नाही. मी त्या कागदासमोर उभी राहिले आणि एकेक आठवत गेलं. कपातलं बोट. हरवलेला चष्मा. पाठ धरलीय म्हणून माझ्या हातात दिलेली किल्ली. तिरकी मान. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते, कानस घेऊन.

बाबांना दिसत नाही.

१० नोव्हेंबर

सांगू का? काय सांगू? आणि अल्डोला सांगितलं तर ते बरोबर होईल, पण बाबा मला आयुष्यात माफ करणार नाहीत.

न सांगता नेऊ कशी? जंगलात माणसं असतात. नारिंगी जाकिटं घालतात, पण ती दिसणाऱ्यासाठी.

त्यांना बहुतेक स्वतःलाही कळलेलं नाही किती गेलीय नजर. कळलं तर मोडून जातील. हंगाम सोडला तर त्यांच्याकडे उरलंय काय?

१३ नोव्हेंबर

ठरवलं. जंगलातल्या शिकारीच्या खोपटात मी त्यांच्याशेजारी बसणार. काडतुसं माझ्या खिशात राहतील. मागितली तर देईन एकच, आणि आधी समोर नीट बघून घेईन. हे काही शहाणपणाचं नाही. पण याहून शहाणं काही सुचत नाही, आणि मी फार दमलेय.

दिवसभर पास्ट्या भाजल्या. वीस.

१५ नोव्हेंबर

कॅम्पातच लिहितेय, जेवणं झाल्यावर. बाहेर सरोवरावरून वारा सुटलाय, आत पुरुष पत्ते कुटतायत.

पहाटे निघालो. बर्फ घोट्यापर्यंत. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, घसरडं आहे म्हणून. सबंध वाट काढला नाही. खोपटात फळीवर बसलो, रायफल त्यांच्या मांडीवर, काडतुसं माझ्या खिशात. मी वाट बघत होते कधी मागतील याची. उजाडलं. त्यांनी मागितली नाहीत. वेलदोड्याचा पाव मागितला.

बऱ्याच वेळाने हलक्या आवाजात म्हणाले, "ऐकलंस? डावीकडे. काटकी मोडली."

मला काही ऐकू आलं नव्हतं. डावीकडे बघितलं तर नर उभा.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"नर आहे. आठ टोकांची शिंगं. पडलेल्या देवदाराच्या अलीकडे. मान खाली आहे."

"मागे कोणी?"

"कोणी नाही. मागे चढ आहे."

"श्वास दिसतोय त्याचा?"

"दिसतोय, बाबा."

ते जरासे हसले. मग रायफल माझ्या मांडीवर ठेवली. खांद्याला लावलीसुद्धा नाही. "दुर्बिणीवर दव आलंय. तूच मार."

"तुमचा नेम आहे ना, मालकाशिवाय—"

"मग मालक सांगतोय."

मी काडतूस भरलं. माझा परवाना आहे, अंतर सत्तर पावलं, रायफल माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. आणि मी चुकले. चाप ओढताना डोळे मिटले गेले माझे. फांदी तुटून पडली, नर दोन उड्यांत गेला. आम्ही जाऊन बर्फ तपासला. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. निव्वळ चूक. मी म्हटलं, बाबा, मी डोळे मिटले. ते म्हणाले, होतं असं. एवढंच.

दुपारी कॅम्पात आलो तर सगळे दारातच. अल्डो म्हणाला, "तुमच्या बाजूने गोळी ऐकली. हरीण कुठंय?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझा दंड दाबला.

"चुकलं," ते म्हणाले.

"कोणाचं चुकलं?"

"रायफल कोणाची आहे? माझं."

अल्डोने हातातली कॉफी खाली ठेवली. "सुलो, मस्करी करू नकोस. माझं हृदय कमजोर आहे."

"कात्री आण. माझा विचार बदलायच्या आत आण."

मग जो गोंधळ झाला. स्टीव्हने टेबलावर तवा बडवला. बाबा सगळ्यांकडे पाठ करून, हात पसरून उभे राहिले. अल्डोने त्यांच्या लाल चौकड्याच्या शर्टाचा मागचा घोळ टराटरा कापला, त्यावर नाव आणि तारीख घातली, आणि स्टुलावर चढून आढ्याला ठोकला. उतरताना तो डोळे पुसत होता. हसून पुसत होता की कसं, मला सांगता येणार नाही. बाबांनी हात वर करून तो तुकडा चाचपला, चारी कडांनी.

"झालं," ते म्हणाले. "नेम चुकायला लागला की माणसाने थांबावं. ही रायफल आता व्हर्नाची. मी उद्यापासून शेगडीपाशी बसून तुमच्या थापा ऐकणार."

अल्डो म्हणाला, "एका गोळीने थांबतोस? मी सहा चुकलो तरी आहे."

"म्हणून तर थांबतो. तुझ्यासारखा म्हातारा व्हायचं नाही मला."

सगळे हसले. मी हसले नाही. माझी चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली, साठ वर्षांचा कोरा शर्ट घालवला. का, ते विचारायचं धाडस झालं नाही. माझी लाज राखायला असेल. या कॅम्पात झोपणारी पहिली बाई मी, आणि पहिल्याच दिवशी चुकले, असं व्हायला नको म्हणून.

२१ नोव्हेंबर

बाबांचा तो शर्ट दुरुस्त करायला घरी आणला होता. मागून दुमड घालून शिवला, आता कंबरेपर्यंतच येतो. शिवताना खिशात कडक काहीतरी लागलं. चार घड्या घातलेला कागद. डोळ्यांच्या दवाखान्याचा.

दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मध्यावरच डाग आहेत, कडेचं तेवढं दिसतं, आणि हे सुधारणारं नाही. गाडी चालवणं बंद. बंदूक बंद. खाली तारीख आणि बाबांची सही. मे महिन्याची सहा तारीख.

मी तो तीनदा वाचला. मे. रायफल घे म्हणून फोन केला तो ऑगस्टमध्ये. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. दस्त्याला नावं ठेवली, चापाला ठेवली, दुर्बिणीला ठेवली, आणि मी मूर्खासारखी एकेक बदलत बसले. तीन महिने! रोज चारला येऊन बादलीवर बसायचे, आणि माहीत होतं. मग कशाला तो सगळा खटाटोप? खांदा दुखण्याचं सोंग कशाला? संतापाने सुई बोटात गेली.

शर्ट घेऊन तडक त्यांच्याकडे गेले, जाब विचारायचाच म्हणून. अंगणात पोचते तोच दारातून, "कोण, व्हर्ना? चालीवरून ओळखलं. पाय फरफटत नाहीयेस आज."

मी म्हटलं, "का फरफटेन?"

"उन्हाळ्यात फरफटत होतीस." त्यांनी शर्ट चाचपला, खिसा चाचपला. कागद मी होता तसा ठेवला होता. मग म्हणाले, "शिवण बरी घातलीस."

विचारायचं ते राहूनच गेलं. कॉफी झाली, मी ओतली. पेपर वाचला. निघताना म्हणाले, "व्हर्ना, माळ्यावर तुझ्या आईची जुनी रायफल आहे. तीही स्वस्तातलीच. दस्त्याला तडा गेलाय, चाप गंजलाय, काही म्हणजे काही धड नाही तिचं. हिवाळाभर पुरेल."

मी म्हटलं, "बाबा, मी दमलेय."

"माहितेय," ते म्हणाले. "कधी आणतेस?"

या माणसाचं मला कधी काही कळणार नाही. दिसत नाही, शिकार सोडली, तरी रायफली पाहिजेत. मलाही दुसरं काम नाही असं त्यांना वाटतं की काय.

उद्या शाळा सुटली की आणते. त्यांची बादली शेगडीच्या जवळ सरकवलीय, आता गॅरेजात गारठा असतो. आणि मेणाचा डबा आधीच काढून ठेवलाय.